कोल्हापुरात मीटरगेजच्या वायपी इंजिनाचे मॉडेल कसे तयार करावे

कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली मीटरगेजचा, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला म्हणून सुरू झाला आणि १९७१ साली त्याचे ब्रॉडगेज झाले. त्या जुन्या मार्गाची प्रतिकृती मांडताना बाजारात सर्वाधिक आढळणारे एचओ (१:८७ प्रमाणातील) इंजिन घेऊन त्याला काळा रंग देण्याचा मोह होतो. मात्र त्याचे १६.५ मिलिमीटरचे रूळ १:८७ प्रमाणात युरोपातील १४३५ मिलिमीटर गेजचे असतात. एक मीटरला ८७ ने भागल्यास साडेअकरा मिलिमीटर येतात, म्हणून आधी १२ मिलिमीटरचे रूळ निश्चित करावेत आणि मगच इंजिनाकडे वळावे.

स्वातंत्र्यानंतर देशभरातील मीटरगेज प्रवासी गाड्यांना जोडले जाणारे वायपी हे वाफेचे इंजिन ४-६-२ चाकरचनेचे, म्हणजे पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी चालक आणि मागे दोन लहान चाके असलेले होते. त्याच्या चालक चाकांचा व्यास १३७२ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १५.८ मिलिमीटर. चालणारी चासी, म्हणजे चाके व मोटर असलेला खालचा सांगाडा, विकत घ्यावी आणि वरचे अंग स्वतः घडवावे, हे माझे स्पष्ट मत आहे. हॉर्नबी या मॉडेल रेल्वे बनवणाऱ्या कंपनीने २०२२ साली १:१२० प्रमाणातील मालिका आणली. तिचे रूळही १२ मिलिमीटरचेच आहेत. त्यातील ब्रिटिश ए३ इंजिन ४-६-२ असून मूळ २०३२ मिलिमीटरची चाके १:१२० प्रमाणात सुमारे १७ मिलिमीटरची होतात. वायपीपेक्षा मिलिमीटरभर मोठी असलेली ही चाके चासीवर बसवलेल्या पायवाटेखाली (बॉयलरच्या कडेने जाणाऱ्या पट्टीखाली) सहसा खुपत नाहीत. आखांमधील अंतर मात्र आराखड्याशी ताडून पाहावे.

जुनी चासी घेताना ओतीव भागांवर बारीक भेगा आहेत का, ते भिंगातून तपासावे, कारण अशुद्ध जस्ताचे ओतकाम कालांतराने फुगून भुगा होते आणि त्याला उपाय नाही. तीन रुळांवर चालणारी हॉर्नबी डब्लोसारखी जुनी इंजिने तर टाळावीतच. त्यांची चाके एकमेकांपासून विद्युतरोधित नसल्याने दोन रुळांवर ती शॉर्टसर्किट करतात.

वरच्या कामासाठी कोल्हापूरइतकी सोय थोड्याच गावांत असेल. बॉयलरला पितळी नळी घ्यावी, धुराडे आणि घुमट उद्यमनगरातल्या एखाद्या लहान लेथवर कातून घ्यावेत. मोठे कारखाने एवढ्याशा कामाला हात लावत नाहीत, हे गृहीत धरावे. केबिनसाठी पाव मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा सोनारकामाच्या बारीक करवतीने कापावा. डाग देण्याचे, म्हणजे धातूचे तुकडे वितळत्या धातूने जोडण्याचे तंत्र शिकायचे असेल, तर गुजरी या सराफ बाजारातल्या कारागिराचे काम काही वेळ बघत उभे राहणे पुष्कळ उपयोगी पडते. आपण मात्र कमी तापमानाला वितळणारे शिशाचे डाग वापरावेत आणि काम करताना खिडकी उघडी ठेवावी.

मापे घेण्यासाठी छायाचित्रांवर विसंबू नये, कारण त्यांत लांबी दृष्टिकोनामुळे आक्रसते. शक्य असल्यास जतन केलेले इंजिन प्रत्यक्ष मोजावे. तयार मॉडेल चालताना पाहायचे असेल, तर पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे.

रंग देण्यापूर्वी बॉयलर नुसता ठेवून आपल्या सर्वांत अरुंद वळणावरून चासी दोन्ही दिशांनी हळू फिरवावी. पुढची लहान चाके सिलिंडरला घासत असल्यास सिलिंडर अर्धा मिलिमीटर बाहेर सरकवावेत.