१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर काय करावे

वाय-फायचे चिन्ह दिसते, केबलही जोडलेली असते, तरी एकही पान उघडत नाही, अशा वेळी सर्वप्रथम संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्याला ओळखण्याचा क्रमांक, पाहावा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की तो दिसतो; मॅकवर तो नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये सापडतो. पत्त्याची सुरुवात १६९.२५४ ने होत असेल, तर तो राऊटरने दिलेला नसून संगणकाने स्वतःच घेतलेला आहे, असे समजावे.

एरवी पत्ते वाटण्याचे काम राऊटरमधील डीएचसीपी सेवा करते. तिच्याकडून उत्तर आले नाही, तर संगणक १६९.२५४.१.० ते १६९.२५४.२५४.२५५ या ६५,०२४ पत्त्यांमधून एक निवडतो आणि तो वापरण्यापूर्वी ‘हा कोणाचा आहे का?’ असे नेटवर्कवर तीनदा विचारतो. लोकलमध्ये रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर टेकण्याआधी आपण विचारतो, तसेच हे. कोणी हक्क सांगितला तर तो दुसरा पत्ता निवडतो. विंडोज ९८ पासून असलेल्या या सोयीचे नियम मे २००५ मध्ये आरएफसी ३९२७ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले.

तेव्हा संगणकाच्या मागे लागण्याआधी त्याच वाय-फायवरच्या फोनचा पत्ता पाहावा. फोनला राऊटरकडून १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता नव्याने मिळत असेल, तर दोष बहुधा आपल्या केबलमध्ये किंवा संगणकात असतो. फोनचीही तीच रड असेल, तर राऊटर बंद करून, अर्ध्या मिनिटाने सुरू करावा आणि मग संगणकाचे नेटवर्क पुन्हा जोडावे. दादरच्या आमच्या सोसायटीच्या कार्यालयात झाडलोटीत राऊटरची पिन निघाली होती, पण संगणक आणि प्रिंटर एकमेकांना जोडणारा नेटवर्क स्विच मात्र चालू होता. संगणकाने १६९.२५४ चा पत्ता घेतला, प्रिंटरला मात्र १९२.१६८.१.५० हा कायमचा पत्ता दिलेला. दोन्ही पत्ते वेगळ्या गटांतले, त्यामुळे हातभर अंतरावरच्या प्रिंटरवर देखभालीची बिले काही निघेनात, आणि तासभर आम्ही प्रिंटरलाच दोष देत बसलो.

गणपतीत हॉलमधल्या पाहुण्यांना पासवर्ड वाटला असेल, तर राऊटरजवळचे पत्तेच संपलेले असू शकतात. राऊटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये पत्त्यांची संख्या वाढवावी किंवा एक पत्ता एका यंत्राकडे राहण्याची मुदत काही तासांवर आणावी.

या पत्त्यांचा मुद्दाम उपयोगही करता येतो. दोन लॅपटॉप राऊटरविना एकाच लॅन केबलने जोडून, वाय-फाय बंद करून, मिनिटभर थांबावे. दोघेही आपापला पत्ता घेतात आणि फोल्डर शेअर केले असल्यास फाइली पाठवता येतात. इंटरनेट मात्र मिळणार नाही, कारण राऊटर हे पत्ते पुढे जाऊ देत नाहीत. यातला एखादा पत्ता हाताने टाइप करून कायमचा ठेवू नये. निवड यंत्रावरच सोडावी.