टूर्निकेट बांधायचे तर घट्टच

मांडीतली मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. जखमेच्या वर पट्टा, म्हणजेच टूर्निकेट, आवळून रक्त अडवायची युक्ती जुनी आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक झां-लुई पेती यांनी १७१८ मध्ये त्याला स्क्रूसुद्धा जोडला. पुढे महायुद्धांत जखमी तासन्‌तास रुग्णालयात पोचत नसत, पट्टा तसाच राही, अवयव गमवावा लागे, आणि टूर्निकेट बदनाम झाले. ही भीती इराक युद्धाने मोडून काढली. २००६ मध्ये बगदादच्या अमेरिकी लष्करी रुग्णालयातल्या नोंदींत, शॉकमध्ये (रक्त गेल्याने रक्ताभिसरण कोसळण्याच्या अवस्थेत) जाण्यापूर्वी पट्टा बांधलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचले. नंतर बांधलेल्यांपैकी जेमतेम १०.

रक्त उडत असेल, खाली थारोळे साचत असेल किंवा अवयव तुटला असेल, तर वाट पाहू नका. एकाने रुग्णवाहिका बोलवावी, दुसऱ्याने जखम जोरात दाबून धरावी, तोवर टूर्निकेट बाहेर काढून तयार ठेवा.

जखमेपासून ५ ते ७ सेंमी वर, धडाच्या बाजूला तो बांधा. कोपर किंवा गुडघ्यावर नको. सांधा मध्ये येत असेल तर त्याच्याही वर जा. खिशात मोबाइल किंवा किल्ल्या असतील तर आधी काढा. पट्टा आवळण्यासाठी त्यावर एक दांडी असते; ती फिरवण्यापूर्वीच पट्टा हाताने इतका ओढा की खाली बोट शिरणार नाही. बहुतेकांचे इथेच चुकते: ढिलाई राहिली की दांडी कितीही पिळली तरी दाब पुरत नाही. मग रक्त थांबेपर्यंत दांडी पिळा, खाचेत अडकवा आणि वेळ लिहा. जखमी वेदनेने ओरडेल. म्हणून सैल करू नका.

अर्धवट आवळलेला पट्टा न बांधल्याहून वाईट ठरू शकतो. शिरा दबतात, धमनी चालूच राहते. रक्त आत जाते, परत फिरत नाही, आणि जखम जास्तच वाहते. तसे दिसले तर अजून पिळा. तरी न थांबल्यास पहिल्याच्या लगेच वर दुसरा पट्टा बांधा. मांडीला हे बऱ्याचदा लागते.

तयार टूर्निकेट नसेल तर किमान ४ सेंमी रुंदीची मजबूत कापडी पट्टी आणि न मोडणारी काठी घ्या. दोरी किंवा तार मांस कापते. कमरेचा पट्टा दिसायला सोयीचा, पण तो पिळता येत नाही.

दोन तासांपर्यंत अवयवाला सहसा कायमची इजा होत नाही. ‘थोडे रक्त खेळू दे’ म्हणून मधूनमधून सैल करण्याची जुनी पद्धत मात्र विसरा. त्यात थोडेथोडे करून बरेच रक्त जाते. पट्टा रुग्णालयातच सुटेल.

जांघ, काख किंवा खांद्याच्या सांध्याशी टूर्निकेट बसतच नाही. तिथे गॉझ किंवा स्वच्छ कापड बोटाने थेट रक्त येते त्या जागेपर्यंत ठासून भरा आणि दोन्ही हातांनी, शरीराचा भार देऊन, निदान १० मिनिटे दाबून धरा. मध्येच उचलून बघू नका.