झानॅक खेळायचं असेल तर आधी बटणावरचं बोट आवरा

झानॅक हा विमानाचा जुना व्हिडिओ गेम पहिल्यांदा लावला की जवळपास सगळेच गोळीबाराचं बटण बडवत सुटतात, कारण वरून दिसणाऱ्या शूटर गेममध्ये तेच करायची सवय असते. मग थोड्याच वेळात स्क्रीनभर शत्रू होतात, विमान फुटतं आणि हा गेम फारच अवघड आहे बुवा असं म्हणून लोक सोडून देतात. अवघड तो आहेच, पण त्यातला बराचसा अवघडपणा आपणच ओढवून घेतलेला असतो, आणि हे एकदा समजलं ना की पूर्ण गेम वेगळाच दिसायला लागतो.

कंपाइल नावाच्या जपानी कंपनीने हा १९८६ मध्ये एमएसएक्स हा घरगुती संगणक आणि फॅमिकॉम डिस्क सिस्टीम (निन्टेन्डोच्या जपानी कन्सोलचं डिस्क-यंत्र) यांच्यासाठी काढला, नंतर अमेरिकेत निन्टेन्डोच्या एनईएस कन्सोलवर आला. याच कंपनीने पुढे अलेस्ते आणि पुयो पुयो हे गेम केले. तर झानॅकची खासियत म्हणजे त्यातलं ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोल, म्हणजे अवघडपणा आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा. तुम्ही किती गोळ्या झाडताय, शस्त्र किती वाढवलंय, न मरता किती वेळ टिकलाय, हे सगळं गेम आतल्या आत मोजत असतो आणि त्यावरून ठरवतो की पुढे कोणते शत्रू पाठवायचे आणि किती. मेलात की तो थोडा नरम पडतो. त्या काळच्या घरगुती कन्सोलवर, एवढ्याशा मेमरीत हे बसवलं याचं मला आजही भारी कौतुक वाटतं.

यातून पहिला नियम निघतो, समोर कोणी नसेल तर गोळी झाडू नका. ऐकायला सोपं आहे पण हात ऐकत नाही, त्यामुळे सुरुवातीचे काही डाव फक्त याच सवयीसाठी खेळा, स्कोअरकडे बघूच नका. शत्रू रेषेत आला की झाडायचं, गेला की थांबायचं. आणि हो, टर्बो बटण (दाबून धरलं की आपोआप भराभर झाडत राहणारं) असलेला कंट्रोलर असेल तर टर्बो बंद ठेवा, दुसऱ्या शूटरमध्ये तो वरदान असतो पण इथे कायम चालू ठेवला तर तुमच्याच अंगावर येतो. काही शत्रूंना मारायची गरजच नसते, बाजूला सरका आणि जाऊ द्या त्यांना.

दुसरं, दोन बटणांवर दोन वेगळी हत्यारं आहेत. एक मुख्य तोफ, ती पॉवर चिपने वाढते, चिपा खाली येणाऱ्या पेट्यांमध्ये लपलेल्या असतात आणि सगळ्या पेट्यांत नसतात, पेटी फोडायला बऱ्याच गोळ्या लागतात म्हणून सगळ्यांच्या मागे न लागता सरळ समोर येणारी एखाद-दुसरी फोडा. दुसरं हत्यार आकड्यांचं, शून्य ते सात असे आठ प्रकार, जमिनीवरच्या वस्तू फोडल्या की आकडे मिळतात. तोच आकडा परत परत घेतला तर ते हत्यार वाढत जातं, म्हणून दिसेल तो आकडा उचलायचा मोह टाळा, एक धरा आणि तोच पोसा.

कोणता धरायचा? इथे प्रत्येकाचं मत वेगळं असतं, मी माझं सांगतो. नवीन असाल तर शून्य किंवा दोन. शून्य नंबरचं हत्यार संपतच नाही आणि तुम्ही ज्या दिशेला सरकताय त्या दिशेला गोळी जाते, म्हणजे डावीकडे पळताना डावीकडचा शत्रू मारता येतो, खाली येताना मागचा. लोक याला सुरुवातीचं फुकटचं हत्यार समजून टाकून देतात, हा माझ्या मते मोठा अन्याय आहे, कारण हे नीट वापरायला लागलात की विमान चालवणं आणि नेम धरणं एकच होऊन जातं आणि उगाच झाडलेल्या गोळ्या आपोआप कमी होतात. दोन नंबर म्हणजे पुढे धरलेली ढाल, ती गोळ्या अडवते, पण झिजते, त्यामुळे ढाल आहे म्हणून निर्धास्त होऊन वर घुसू नका. तीन नंबरचं विमानाभोवती गोल फिरतं, तेही चांगलं आहे. एक नंबरची गोळी सगळं भेदत पुढे जाते पण तिचा साठा मोजका, सहा नंबरने स्क्रीन साफ होते आणि तोही साठा मोजकाच, तर ही दोन्ही हत्यारं अडचणीच्या जागी कामाची. पाच नंबरची गोळी जाऊन परत येते, ती मला आवडते पण अंतराचा अंदाज यायला वेळ लागतो. साठा संपला की परत शून्यावर येता, म्हणून शून्य यायलाच हवं.

उभं कुठे राहायचं हे पण महत्त्वाचं. अगदी तळाला चिकटून राहिलात तर मागे सरकायला जागाच उरत नाही. तळापासून थोडं वर, मधोमध राहा आणि नजर आपल्या विमानावर नको, त्याच्या वरच्या भागावर ठेवा. गोळ्या मध्येच दिसेनाशा होतात ते तुमच्या डोळ्यांचा दोष नाही, एनईएसला एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट (विमान, गोळ्या अशी हलणारी छोटी चित्रं) दाखवता येतात, जास्त झाले की लुकलुकायला लागतात. त्यामुळे गर्दी झाली की गोळीची शेवटची दिशा लक्षात ठेवून सरका. आणि आजच्या टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड (चित्र दिसायला होणारा उशीर कमी करणारा) चालू करा, नाहीतर बटण दाबल्यापासून विमान हलेपर्यंत जो उशीर होतो त्यातच जीव जातो.

गेममध्ये एकूण बारा एरिया, म्हणजे टप्पे आहेत. शत्रूंची चाल पाठ करून उपयोग नाही कारण ती तुमच्या खेळण्यावर बदलते, पण जमिनीवरचा भाग तोच असतो, तेवढा लक्षात ठेवा.

आता किल्ले. स्क्रीन सरकायची थांबते, समोर जमिनीवर तोफांचा तळ असतो आणि वेळ उलटी मोजली जाते. इथे मात्र बोट आवरायचं नाही, इथे मनसोक्त झाडा, त्यासाठीच तर इतका वेळ जपून खेळलो. फक्त इकडेतिकडे न झाडता एक तोफ निवडा, ती फुटेपर्यंत तिच्याच खाली राहा, मग दुसरी. कडेच्या आधी घेतलेल्या बऱ्या, कारण त्या गेल्या की त्या बाजूला पळायला मोकळी जागा होते आणि मधल्या तोफांकडे आरामात बघता येतं. सहा नंबरचा साठा शिल्लक असेल तर तो वापरायची जागा हीच.