बिअरमधला केळ्याचा वास यीस्टकडून कसा मिळवावा

जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा पेला नाकाशी नेला की पिकल्या जवारी केळ्यांची, क्वचित खानापूरकडच्या बरक्या फणसाचीही आठवण होते, आणि कुणीतरी अर्क घातला असावा अशी शंका येते. प्रत्यक्षात हा वास निव्वळ यीस्टचा असतो. विनापरवाना मद्यनिर्मिती कर्नाटकात गुन्हा असल्यामुळे हे टिपण घरच्या प्रयोगासाठी नसून, मायक्रोब्रुअरीत काम शिकणाऱ्या आपल्या सीमाभागातील तरुणांसाठी आहे.

माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, गोड काढ्यात (वर्टमध्ये) यीस्ट वाढू लागले की इथेनॉलबरोबर थोडी इतर अल्कोहोलेही तयार होतात आणि पेशीतील अ‍ॅसिटिल को-एन्झाइम ए या रेणूशी त्यांचा संयोग होऊन एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारी संयुगे, बनतात. त्यांपैकी आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हा केळ्याचा वास देतो. लिटरमागे साधारण 1 मिलिग्रॅम असला तरी तो नाकाला कळतो.

प्रथम हेफेवाइझेनचे, म्हणजे याच गव्हाच्या बिअरचे, यीस्ट निवडावे, कारण लागरचे (थंडाव्यात आंबवल्या जाणाऱ्या बिअरचे) यीस्ट सहसा हा वास इतका ठळक देत नाही. ते 17 अंश सेल्सिअसला घालून तापमान हळूहळू 20 ते 22 अंशांपर्यंत चढू द्यावे. आंबोळीचे पीठ चैत्रात भांड्याबाहेर येते आणि आषाढात हलत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. मात्र पिठाचा अंदाज येथे पुरत नाही, कारण आंबताना वर्ट स्वतःच तापते, म्हणून खोलीचे नव्हे तर टाकीच्या आतले तापमान मोजावे. एस्टरांचा मोठा भाग पहिल्या दोन-तीन दिवसांतच तयार होतो, त्यामुळे नंतर केलेली धावपळ फारशी उपयोगी पडत नाही. तापमान फार वाढले तर केळे मागे पडून नेलपॉलिशसारखा उग्र वास पुढे येतो.

यीस्टचे प्रमाण आणि सुरुवातीचा प्राणवायू किंचित कमी ठेवल्यास एस्टर सहसा वाढतात, परंतु नवशिक्याने हा मार्ग धरू नये. उपाशी यीस्ट मध्येच थांबले तर संपूर्ण टाकी वाया जाते. उंच, बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडचा दाब एस्टर दाबतो, तर उथळ भांड्यात ते मोकळेपणाने तयार होतात.

नुसते केळे मात्र मिठाईसारखे लागते. त्याला लवंगेची जोड हवी असल्यास माल्ट भिजवताना 44 अंशांच्या आसपास पंधरा-वीस मिनिटे थांबावे. तेथे सुटणाऱ्या फेरुलिक आम्लापासून हेच यीस्ट लवंगेचा वास तयार करते. अशी बिअर साठवून ठेवू नये, कारण केळ्याचा वास सर्वांत आधी विरतो.