पाणी चढण्याआधी बॅकअपच्या डिस्क सोडवण्याची तयारी

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. आमचे कार्यालय शाहूपुरीत तळमजल्यावर आहे. त्यामुळे राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की फाइल सर्व्हरला जोडलेल्या दोन्ही बाहेरील हार्ड डिस्क सोडवायच्या आणि राजारामपुरीत मावशींच्या घरी पोहोचवायच्या, असे आम्ही ठरवून ठेवले आहे. उद्यमनगरातील फाउंड्र्यांसाठी केलेल्या कास्टिंगच्या आणि पॅटर्नच्या सर्व ड्रॉइंगचा बॅकअप या डिस्कवर असतो. सर्व्हर लिनक्सवर चालतो आणि त्याला स्क्रीन जोडलेली नाही, म्हणून सगळे काम टर्मिनलमधूनच, म्हणजे कमांड टाइप करूनच, करावे लागते. डिस्कवरील फाइल सिस्टिम (फाइली ठेवण्याची रचना) सर्व्हरच्या एखाद्या फोल्डरला जोडणे म्हणजे माउंट, ती सोडवणे म्हणजे अनमाउंट आणि तो फोल्डर म्हणजे माउंटची जागा. पुढील तयारी मी दरवर्षी मे महिन्यात, कोरड्या दिवशी, एकदा पूर्ण करून पाहतो, कारण पाणी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर वीज केव्हाही बंद होते आणि यूपीएसच्या बॅटरीवर मिळणाऱ्या थोड्या मिनिटांत कमांड आठवत बसणे परवडत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये माझी ही तयारी नव्हती. फाइली कॉपी करण्याची कमांड संपून टर्मिनलवर कर्सर परत आलेला पाहिला, काम झाले असे समजलो आणि केबल काढली. आठवड्याने ती डिस्क उघडली तेव्हा शेवटच्या दोन फोल्डरमधील फाइलींची नावे जागेवर होती, पण आकार शून्य होता. ती ड्रॉइंग एका जुन्या ग्राहकाची होती आणि ती पुन्हा काढायला आमच्या माणसांना पंधरा दिवस लागले.

पहिली तयारी ओळख पटवण्याची. लिनक्स डिस्कना ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ अशी नावे ज्या क्रमाने त्या सापडतात त्या क्रमाने देते, त्यामुळे सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते. म्हणून त्या नावावर विसंबू नये. प्रत्येक फाइल सिस्टिमला लेबल द्यावे आणि तेच डिस्कच्या पेटीवर चिकटपट्टीने लावावे. आम्ही पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांची नावे घेतली. ईएक्सटी४ फाइल सिस्टिमच्या लेबलाला १६ बाइटची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रेसह, ३ बाइट घेते. त्यामुळे ‘तुळशी’ आणि ‘कुंभी’ बसतात, ‘कासारी’ आणि ‘भोगावती’ बसत नाहीत. तरीही डिस्कवरील लेबल मी रोमन अक्षरांतच ठेवले आहे, कारण ग्राफिकल डेस्कटॉप नसलेल्या कन्सोलवर देवनागरी दिसत नाही आणि पुराच्या वेळी ती कोणत्या यंत्राला जोडावी लागेल हे आधी सांगता येत नाही. ‘एलएसबीएलके’ ही कमांड डॅश एफ देऊन चालवली की डिस्क, पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग), लेबल आणि माउंट केलेली जागा एका तक्त्यात दिसते. तो तक्ता वहीत उतरवून ठेवावा. एकाच डिस्कवर दोन पार्टिशन असतील तर दोन्ही सोडवावी लागतील, हेही याच वेळी लक्षात येते.

दुसरी तयारी लिहिणारे हात थांबवण्याची, आणि यात माणसे आधी येतात. आमच्याकडे विंडोजवरील कॅड संगणक सांबाच्या (विंडोजला लिनक्सवरील फाइली देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मार्गाने याच सर्व्हरवरील ड्रॉइंग उघडतात. ‘एसएमबीस्टेटस’ ही कमांड कोणत्या संगणकाने कोणती फाइल उघडली आहे ते सांगते. ती यादी पाहून प्रत्येकाला फोन करावा, फाइल सेव्ह करून बंद करायला सांगावे आणि ती बंद झाल्याचे त्याच कमांडने पुन्हा तपासावे. त्यानंतर क्रॉनमधील (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतील) रात्रीचा बॅकअप तात्पुरता बंद करावा आणि आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड) चालू असेल तर त्याला संपू द्यावे. डिस्कवर स्वॅप फाइल (मेमरी अपुरी पडल्यावर वापरायची जागा) ठेवली असेल तर ‘स्वॅपऑफ’ द्यावे लागते. डिस्कवरील एखादी आयएसओ प्रतिमा (पूर्ण डिस्कची एका फाइलीतील प्रत) लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे वेगळ्या डिस्कसारखी, जोडलेली असेल तर ती ‘लोसेटअप’च्या यादीत दिसते आणि तिचे अनमाउंट आधी करावे लागते. एका माउंटच्या पोटात दुसरे माउंट आहे का, हे ‘फाइंडएमएनटी’ला मोठा आर देऊन पाहावे. जागा सिस्टमडीच्या ऑटोमाउंटवर (गरज पडताच आपोआप जोडण्याच्या सोयीवर) असेल तर ते युनिट आधी थांबवावे, नाहीतर कोणी त्या फोल्डरला हात लावताच सोडवलेली फाइल सिस्टिम पुन्हा जोडली जाते. शेवटी स्वतःकडे पाहावे: आपले टर्मिनल त्याच डिस्कवरील फोल्डरमध्ये उभे असेल तर अडथळा आपणच असतो, म्हणून आधी ‘सीडी’ने बाहेर यावे.

इतके करूनही कोणीतरी राहतेच. ते शोधण्यासाठी ‘फ्यूजर’ ही कमांड मला सर्वांत उपयोगी वाटते, पण तिची सवय आधीपासून हवी. रूटच्या (सर्वोच्च प्रशासकाच्या) अधिकाराने, व्ही आणि एम हे पर्याय व माउंटची जागा देऊन ती चालवली की त्या फाइल सिस्टिमला धरून असलेल्या प्रत्येक प्रक्रियेचा (चालू प्रोग्रॅमचा) क्रमांक, मालक आणि नाव मिळते. सोबत एक अक्षरही येते: ‘सी’ म्हणजे ती प्रक्रिया त्या फोल्डरमध्ये उभी आहे, लहान ‘एफ’ म्हणजे तिने फाइल उघडली आहे, मोठा ‘एफ’ म्हणजे लिहिण्यासाठी उघडली आहे, ‘ई’ म्हणजे चालणारा प्रोग्रॅमच त्या डिस्कवर आहे आणि ‘एम’ म्हणजे फाइल मेमरीत जोडून घेतली आहे. ‘सी’ दिसले तर एखाद्याचे विसरलेले टर्मिनल बंद केले की भागते. मोठा ‘एफ’ दिसला तर मात्र हात आवरावा आणि ती प्रक्रिया काय लिहीत आहे हे समजून घेऊन तिला तिच्याच रीतीने बंद करावे. रूटशिवाय ही कमांड चालवली तर दुसऱ्यांच्या प्रक्रिया सुटून जातात आणि यादी रिकामी दिसल्याने खोटा दिलासा मिळतो.

याच कमांडला ‘के’ हा पर्याय दिला तर ती सापडलेल्या सर्व प्रक्रियांना किल संदेश पाठवते आणि त्यांना सावरायला वेळ मिळत नाही. त्याहून मोठा धोका असा की दिलेल्या जागेवर काहीच माउंट नसेल, तर ती जागा ज्या फाइल सिस्टिमवर आहे तिचाच विचार होतो. ती बहुधा मुख्य फाइल सिस्टिम असते आणि मग संपूर्ण सर्व्हरच्या प्रक्रिया मारल्या जातात. ‘के’ वापरावाच लागला तर त्यासोबत मोठा एम द्यावा, म्हणजे ती जागा खरोखर माउंट पॉइंट असेल तरच कमांड पुढे जाते. मी स्वतः ‘के’ टाळतो आणि कोणती फाइल अडकली आहे हे पाहायला ‘एलएसओएफ’ वापरतो, कारण तीत फाइलीचे पूर्ण नाव मिळते.

आता माझी २०१९ ची चूक जिथे झाली त्या टप्प्याकडे येतो. लिनक्समध्ये कॉपीची कमांड संपते तेव्हा मजकूर कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) पोहोचलेला असतो, डिस्कवर पोहोचलेला असेलच असे नाही. तो आधी मेमरीतील पेज कॅशमध्ये राहतो. मूळ सेटिंगनुसार कर्नलचा लिहिणारा धागा दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुना झालेला मजकूर डिस्कवर उतरवतो. असा न उतरलेला मजकूर उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत साचू शकतो. १६ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर ही मर्यादा जवळजवळ ३ जीबी होते, आणि यूएसबी २ च्या डिस्कवर सेकंदाला ३० एमबी वेगाने तेवढे उतरायला दीड मिनिटाहून अधिक लागते. ईएक्सटी४ मध्ये जर्नल (बदलांची नोंदवही) असते म्हणून काही होत नाही, असे पुष्कळजण सांगतात. जर्नल फाइल सिस्टिमची रचना सावरते. मेमरीतच राहिलेला मजकूर ते परत आणू शकत नाही. एक्सफॅट आणि फॅट३२ मध्ये तर जर्नलही नसते.

म्हणून माउंटची जागा देऊन ‘सिंक’ ही कमांड डॅश एफसह चालवावी, म्हणजे तेवढीच फाइल सिस्टिम उतरवली जाते. दुसऱ्या टर्मिनलमध्ये प्रॉक फोल्डरातील ‘मेमइन्फो’ फाइल पाहत राहावी. तीत ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या ओळींतील आकडे उतरत जाताना दिसतात. ते अगदी शून्य होतील असे नाही, कारण सर्व्हरच्या इतर डिस्कचेही लिखाण त्यांत असते, पण ते लहान होऊन स्थिरावले पाहिजेत.

त्यानंतर मुख्य कमांड. तिचे नाव ‘यूमाउंट’ आहे, यू नंतर एन नाही. घाईत ‘अनमाउंट’ टाइप केले की कमांड सापडत नाही असा संदेश येतो आणि नवखा माणूस गोंधळतो. तिला एसडीबीसारखे डिव्हाइसचे नाव देण्याऐवजी माउंटची जागा द्यावी. ती काही न बोलता परतली तर काम झाले. परतायला वेळ लागला तर थांबावे, कारण उरलेला मजकूर ती स्वतः उतरवत असते. अशा वेळी केबलला हात लावू नये. जागा व्यस्त आहे असा संदेश आला तर फ्यूजरकडे परत जावे. तो नकार आपल्या भल्यासाठी असतो, ही गोष्ट मी आमच्या नव्या मुलांना आवर्जून सांगतो.

नकार मोडून काढण्याच्या दोन वाटा नेहमी सुचवल्या जातात. ‘एल’ पर्याय फाइल सिस्टिम लगेच दिसेनाशी करतो, पण ज्या प्रक्रियांनी फाइली उघडल्या आहेत त्या आतल्या आत लिहीत राहतात आणि डिस्क खऱ्या अर्थाने शेवटची फाइल बंद झाल्यावरच मोकळी होते. जी डिस्क दहा मिनिटांत पिशवीत जायची आहे तिच्यासाठी हा पर्याय वापरू नये. ‘एफ’ पर्याय प्रामुख्याने संपर्क तुटलेल्या एनएफएस (नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या) सर्व्हरसाठी आहे. यूएसबी डिस्कवर त्याचा भरवसा धरू नये.

अनमाउंट झाल्यावर फाइंडएमएनटीला तीच जागा देऊन उत्तर रिकामे येते का ते पाहावे. डिस्क लक्सने (लिनक्सच्या एन्क्रिप्शनने) कुलूपबंद असेल तर आता ‘क्रिप्टसेटअप क्लोज’ द्यावे. एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून वाटणारा थर) वापरले असेल तर ‘व्हीजीचेंज’ने तो व्हॉल्यूम ग्रुप निष्क्रिय करावा. जोडताना जो क्रम होता त्याच्या उलट क्रमाने हे थर उतरवायचे असतात. मग ‘यूडिस्क्ससीटीएल’ला ‘पॉवर-ऑफ’ आणि पार्टिशनऐवजी संपूर्ण डिस्कचे नाव द्यावे. डिस्कचा दिवा विझतो आणि फिरण्याचा आवाज थांबतो. बोट पेटीवर ठेवून कंप थांबल्याची खात्री करावी आणि मगच केबल काढून ती हलवावी.

कॅड संगणकांपैकी एखाद्याला थेट डिस्क जोडली असेल, तर विंडोजमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर ‘माउंटव्हॉल’, ड्राइव्हचे अक्षर आणि तिरक्या रेषेनंतर पी, इतके पुरते. मॅकवर ‘डिस्कयूटिल इजेक्ट’ हेच काम करते.

एक तयारी मात्र डिस्क गेल्यानंतरच्या सर्व्हरची आहे आणि तीच बहुतेकदा राहते. एफएसटॅब फाइलीत (सुरू होताना काय माउंट करायचे याच्या यादीत) त्या डिस्कच्या ओळीला ‘नोफेल’ हा पर्याय नसेल, तर वीज परत आल्यावर सर्व्हर डिस्कची ९० सेकंद वाट पाहतो आणि मग आपत्कालीन स्थितीत जाऊन थांबतो. स्क्रीन नसलेल्या सर्व्हरला तिथून उठवणे जिकिरीचे असते. दुसरे म्हणजे, माउंटचा फोल्डर डिस्क नसतानाही जागेवर असतो आणि बॅकअपची स्क्रिप्ट त्या रिकाम्या फोल्डरात मुख्य डिस्क भरेपर्यंत लिहीत राहू शकते. त्यासाठी स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट’ कमांडने तपासणी घालावी आणि डिस्क नसेल तर तिथेच थांबावे. मे महिन्यातील सरावात मी दोन्ही डिस्क काढून सर्व्हर एकदा पूर्ण बंद करून चालू करतो, रात्रीची स्क्रिप्ट हाताने चालवतो, ती लिहायला नकार देते हे पाहतो आणि मगच ‘तुळशी’ व ‘कुंभी’ परत जोडतो.