पक्ष्यामागे धावू नका, फांदी हेरा: उपनगरातली हौशी फोटोग्राफी

ठाणे-मुलुंड-ऐरोलीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना पक्ष्यांच्या फोटोसाठी रजा टाकून जंगल गाठायची गरज नाही. नवशिक्यांचं घोडं बहुतेक वेळा लेन्सवर अडत नाही. ते पक्ष्यामागे धावतात आणि पक्षी उडून जातो. म्हणून आधी जागा, मग कॅमेरा.

१. एक झाड निवडा. घराजवळचं, रोज जाता येईल असं. फेब्रुवारीत फुललेली काटेसावर किंवा पांगारा मिळाला तर सोनंच. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, भोरड्या, शिंजीर सगळे तिथे मधासाठी येतात. फुलझाड नसेल तर वाळका शेंडा असलेलं झाड बघा. सकाळच्या उन्हात तांबट अशाच शेंड्यावर बसून टुक्-टुक् करत असतो.

२. वेळ साधा. सूर्योदयानंतरचे दीड-दोन तास. ऊन तुमच्या पाठीशी हवं. दहानंतर उन्हात पिसांचा रंग करपल्यासारखा दिसतो.

३. कॅमेऱ्याची सेटिंग घरीच लावून निघा. बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/५०० सेकंद, उडत्यासाठी १/२०००. आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील, त्याचा आकडा) ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२०० ठेवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फोकसचा एकच बिंदू ठेवा आणि तो डोळ्यावर. उजळ आकाशासमोरच्या कोतवालाला एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ करा, नाहीतर नुसती काळी आकृती येईल. बगळ्याला उलट, थोडं कमी. पांढरी पिसं एकदा जळली की परत येत नाहीत. जुना ३०० मिमीचा लेन्स किंवा मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा) पुरतो.

४. आता थांबा. ही खरी पायरी. वेडा राघू तारेवरून झेपावतो, हवेतच माशी पकडतो आणि बहुतेकदा त्याच जागी परत येऊन बसतो. तो उडाला की कॅमेरा त्याच्यामागे फिरवू नका. रिकाम्या तारेवर फोकस धरून बोट बटणावर ठेवा. तो चोचीत चतुर घेऊन उतरेल तेव्हा सलग फोटो घ्या. खंड्यालाही ठरलेली बैठक असते. भिंतीवरचा सरडा मात्र तुम्ही खाली बसून टिपायचा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून. पावसाळ्याआधी नराचा गळा लाल होतो तेव्हा तर नक्कीच.

५. खाडीवर जाताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. ठाणे खाडीचं रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. पण फोटो मिळणार की नाही, ते पाणी ठरवतं. पूर्ण ओहोटीला रोहित दूर चिखलात पांगतात आणि गुलाबी ठिपके तेवढे दिसतात. पाणी चढू लागलं की ते काठाकडे सरकतात. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात, त्यांच्या वेळाही भरतीवरच ठरतात.

६. येता-जाता माणसंही टिपा. पहाटे नाक्यावर पेपरांच्या पुरवण्या भरणारी मुलं, मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या मावशी. इथे मोबाइल बरा. लांबून चोरून झूम करण्यापेक्षा जवळ जाऊन विचारा: "मावशी, एक फोटो काढू का?" सुरुवातीला त्या अवघडून बघतील. दोन मिनिटांत पुन्हा कामाला लागतील, तेव्हा काढा. फोटो मग त्यांना पाठवा. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारूनच.

७. काही गोष्टी करायच्याच नाहीत. घरट्याजवळ जायचं नाही, आड येणारी फांदी तोडायची नाही, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही. विणीच्या दिवसांत तो आवाज म्हणजे हद्दीत शिरलेला दुसरा नर. खरा नर खाणंपिणं सोडून त्याच्याशी झुंजायला येतो. घुबडावर फ्लॅश नको.

८. घरी आल्यावर नको ते फोटो निर्दयपणे पुसा. एका पक्ष्याचे एक-दोन फोटो ठेवा, तारीख आणि जागा लिहा. ई-बर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंद टाकली तर चुकलेली ओळखही कुणीतरी दुरुस्त करतं. घरट्याची किंवा घुबडाच्या ढोलीची नेमकी जागा मात्र नोंदीत लपवा आणि सोसायटीच्या ग्रुपवरही सांगू नका. दुसऱ्या दिवशी झाडाखाली गर्दी होते.