सोळा वर्षांचे 'स्टार' अठराव्या वर्षी घसरत होते: माझा अनुभव

बेसबॉल मॅनेजमेंट गेममध्ये १५ जानेवारीला आंतरराष्ट्रीय करार खुले झाले की मी डोमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलाचा सर्वांत जास्त स्टारचा पोरगा उचलायचो. अठराव्या वर्षी त्याचं पोटेन्शियल (पुढे तो किती चांगला होईल याचा अंदाज) साडेचार स्टारवरून थेट दोनवर! स्काउटिंग डायरेक्टर (खेळाडू हेरणाऱ्यांचा प्रमुख) बदलला, स्काउटिंगचं एकूण बजेट वाढवलं, फरक शून्य. तीन सीझन वाया गेले, अगदी रडकुंडीला आलो.

गफलत वाटपात होती. बजेट वाढलं तरी त्यात आंतरराष्ट्रीय वाटा दहाच टक्के होता. सीझन संपताच तो आधी ३५ केला. कात्री मेजर लीगच्या (सर्वोच्च पातळीच्या) वाट्याला लावली, कारण तिथले खेळाडू मैदानावर दिसतातच. मग डिसेंबरपर्यंत थांबलो. हे थांबणं महत्त्वाचं, रिपोर्ट हळूहळू सुधारतात. नंतर यादी स्टारऐवजी अचूकतेच्या (रिपोर्ट किती खात्रीचा, त्याच्या) रकान्यानुसार लावली आणि 'कमी'वाले सगळे वगळले. उरलेल्यांचे वैयक्तिक रिपोर्ट मागवून गेममधल्या तटस्थ रेटिंगशी ताडले. एका स्टारपेक्षा जास्त तफावत दिसली की नाव कट. शेवटी मेहनती स्वभाव पाहिला आणि करारासाठीच्या बोनसचा पैसा एकावर न ओतता पाच जणांत वाटला.

त्यातला एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आज एकोणिसाव्या वर्षी डबल-एमध्ये (मेजर लीगच्या खालची दुसरी पायरी) खेळतोय, पोटेन्शियल होतं तेवढंच.